दूरच्या यंत्राची साक्ष

पनवेलच्या पाण्याची कथा ही मूलतः दूरस्थ पाण्याची कथा आहे. माथेरानच्या डोंगरातून उतरणारी गाढी नदी, तिच्या खोऱ्यात देहरंग येथे नगरपालिकेच्या अमदानीत बांधलेले आणि आता महापालिकेच्या ताब्यात असलेले धरण, आणि पलीकडे रसायनीच्या बाजूने वाहणारी पाताळगंगा यांच्या आधारावर हे गाव वाढले व वाढता वाढता १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिकेच्या पदवीला पोहोचले. परंतु ज्या भूमीवर आषाढ-श्रावणात अहोरात्र पाऊस कोसळतो त्याच भूमीवर वैशाखात देहरंगचा तळ उघडा पडतो आणि टँकरची वाट पाहावी लागते, हे येथील रहिवाशाच्या अंगवळणी पडलेले वास्तव आहे. पाताळगंगा उन्हाळ्यातही वाहते, ती केवळ स्वतःच्या झऱ्यांच्या बळावर नव्हे. घाटमाथ्यावर वळवण, लोणावळा आणि शिरोटा येथील तलावांत साठवलेले पाणी सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीच्या टाटा जलविद्युतकेंद्रात येते, तेथील चक्रे फिरवते आणि मग नदीच्या स्वाधीन होते. १९१५ साली सुरू झालेल्या त्या केंद्राने मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवली, आणि त्याचबरोबर घाटाखालच्या गावांना बारमाही नदी मिळाली. आपल्या स्वयंपाकघरातील नळाला येणारी धार ही आपल्या दृष्टीआड कोठे तरी फिरणाऱ्या चक्रांवर, उघडणाऱ्या झडपांवर आणि चालणाऱ्या पंपांवर अवलंबून असते. आणि जे दृष्टीआड आहे त्याची खबर वेळेवर व खरी कशी मिळावी, हा प्रश्न म्हणूनच या प्रदेशात पांडित्याचा न राहता रोजच्या जगण्याचा होऊन बसतो.

नियंत्रणाची पॅनल उभी करणे हा माझा व्यवसाय. तळोजा आणि रसायनी येथील औद्योगिक वसाहतींत मोटारी, झडपा, पंखे आणि भट्ट्या यांना शिस्त लावणारी जी लोखंडी कपाटे असतात ती जुळवण्यात, तपासण्यात आणि दुरुस्त करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. त्या कपाटाच्या मध्यभागी आज जो पीएलसी नावाचा नियंत्रक बसलेला असतो त्याचा जन्म १९६८-६९च्या सुमारास अमेरिकेतील मोटारकारखान्यांच्या निकडीतून झाला. गाडीचा नमुना बदलला की भिंतभर पसरलेल्या रिलेंचे आणि तारांचे जंजाळ सोडवून नव्याने बांधावे लागे. तो खर्च आणि तो कालापव्यय टाळण्यासाठी रिचर्ड मॉर्ली व त्यांचे सहकारी यांनी ‘मॉडिकॉन ०८४’ हे यंत्र घडवले, आणि १९७९ साली त्याच मॉडिकॉन कंपनीने ‘मॉडबस’ ही यंत्रायंत्रांतील संभाषणाची पद्धती प्रसिद्ध केली. ती इतकी साधी आणि इतकी सर्वांना खुली होती, की आजही पनवेलच्या परिसरातील कोणत्याही पंपघरात तिची गाठ पडते. विचारणारा यंत्राचा क्रमांक घेऊन अमुक रकान्यांतील अंक सांग असे म्हणतो, आणि यंत्र ते अंक सांगते. विचारणारा कोण, त्याची सनद काय, त्याला विचारण्याचा अधिकार आहे काय, हे यंत्र कधीच विचारत नाही. विचारणारा आणि सांगणारा एकाच कारखान्याच्या एकाच पहाऱ्यातील फाटकाआड राहतात, हे त्या काळी गृहीत होते, आणि त्या काळापुरते ते यथार्थही होते. पुढे जे सर्व प्रश्न उभे राहिले ते हे फाटक नाहीसे झाल्यावरचे आहेत.

पाताळगंगेच्या काठच्या एका लहान पाणीयोजनेचे काम माझ्याकडे आले तेव्हा तेथील व्यवस्था जुनी पण नीटस होती. नदीपात्रालगत जॅकवेल, तिच्या माथ्यावर पंपघर, तेथून टेकडीवरील टाकीपर्यंत चढत गेलेली जलवाहिनी, आणि टाकीपासून खाली वस्त्यांकडे पाणी सोडणाऱ्या झडपा असा तो पसारा होता. योजनेचे कार्यालय मात्र पनवेल शहरात होते. पंपघरावर तैनात असलेले पंपचालक वयाने ज्येष्ठ, शिक्षणाने बेताचे आणि आपल्या कामात अत्यंत काटेकोर असे गृहस्थ होते. सर्वजण त्यांना काका म्हणत, मीही म्हणू लागलो. त्यांच्या स्वाधीन एक नोंदवही असे. दिनांक, तास, टाकीतील पातळी, मोटारीचे अँपिअर, व्होल्टेज, पंप चालू झाल्याची व बंद झाल्याची वेळ, आणि शेवटी शेरा, असे तिचे रकाने होते. जुन्या वह्यांची पाने मी चाळली तेव्हा एका गोष्टीने माझे लक्ष वेधून घेतले: ज्या तासाला काका स्वतः टाकीवर गेले नसतील त्या तासाच्या रकान्यात त्यांनी आडवी रेघ ओढलेली होती. आधीच्या तासाचा आकडा आणि नंतरच्या तासाचा आकडा एकच असला, मधला आकडा कोणत्याही शाळकरी मुलाने भरून दाखवला असता, तरीही तेथे रेघच होती. मी त्याचे कारण विचारले. “जे बघितलं नाय, ते लिहायचं कसं, साहेब?” एवढेच ते म्हणाले. या उत्तरात पुढच्या साऱ्या कामाचा धर्म सामावलेला होता, आणि ते काम जसजसे पुढे गेले तसतसा तो मला अधिकाधिक स्पष्ट दिसू लागला.

योजनेच्या समितीची मागणी रास्त होती. उन्हाळ्यात टेकडीवरील टाकीत किती पाणी आहे यावरून कोणत्या वस्तीला किती वेळ पाणी सोडायचे हे ठरते. पावसाळ्यात रात्री-अपरात्री लाइट जाते, मोटार ट्रिप होते, आणि ते सकाळी कळले तर अर्धा दिवस वाया जातो. म्हणून पंपघरातील नियंत्रकाला जे ठाऊक आहे ते पनवेलच्या कार्यालयातील पडद्यावर आणि जबाबदार माणसांच्या मोबाइलवर, कोठूनही, वेब ब्राउझरमधून दिसावे, अशी त्यांची इच्छा होती. दूरवरून पाहण्याची सोय हे चैनीचे साधन नसून पाण्याच्या न्याय्य वाटपाचे साधन आहे, हे त्यांचे म्हणणे मला तेव्हाही मान्य होते आणि आजही मान्य आहे.

अशा कामात इंटरनेटचा विचार सर्वांत शेवटी करावा लागतो. आरंभ टाकीच्या तळाशी होतो. पाण्याच्या दाबावरून पातळी मोजणारा संवेदक टाकीत सोडला की तो आपले मोजमाप विद्युतप्रवाहाच्या रूपाने सांगतो: टाकी रिकामी असेल तर ४ मिलिअँपिअर, ५ मीटर भरली असेल तर २०, आणि मधले सारे त्या प्रमाणात, म्हणजे १२ मिलिअँपिअरला अडीच मीटर. शून्य पातळीसाठी शून्य प्रवाह न ठेवता ४ का ठेवला, याचे एक कारण संवेदकाला जगण्यापुरती वीज त्याच तारेतून मिळावी हे होय. परंतु दुसरे कारण अधिक मोलाचे आहे. तार तुटली तर प्रवाह शून्य होतो, आणि शून्य हा आकडा कोणत्याही पातळीचा नसल्यामुळे ‘टाकी रिकामी आहे’ आणि ‘मला काहीच कळत नाही’ या दोन विधानांत गल्लत होत नाही. ज्या पूर्वसूरींनी हा दंडक घालून दिला त्यांनी तांब्याच्या तारेतसुद्धा अज्ञानाची कबुली देण्याची सोय करून ठेवली, याबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. नियंत्रकाच्या आज्ञावलीत मी पहिली ओळ घातली ती हीच: प्रवाह साडेतीन मिलिअँपिअरच्या खाली गेला तर पातळी सांगू नये, संवेदक निकामी असल्याचे सांगावे.

त्यानंतर अंकांची शहानिशा. नियंत्रकाच्या पोटातील रकान्यांचे क्रमांक पुस्तिकेत एका रीतीने लिहिलेले असतात आणि तारेवर दुसऱ्या रीतीने मागावे लागतात. पुस्तिकेतील ४००११ क्रमांकाचा रकाना मागताना १० म्हणावे लागते, कारण यंत्र मोजणीला शून्यापासून आरंभ करते. या एका घराच्या फरकाने पातळीच्या जागी व्होल्टेज वाचले जाते, आणि दोन्ही अंक दिसायला संभाव्य असले तर चूक महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. दशांशचिन्ह रकान्यात मावत नसल्यामुळे २.७५ मीटर हे २७५ म्हणून येतात. प्रवाहमापकाची एकूण बेरीज एका रकान्यात न मावणारी, म्हणून ती दोन रकान्यांत विभागलेली असते, आणि त्यांपैकी थोरला कोणता व धाकटा कोणता याबाबत उत्पादकांत एकवाक्यता नाही. उलटे जोडले तर टेकडीवरील लहानशा टाकीत समुद्र ओतल्यासारखा आकडा पडद्यावर उमटतो. असा विक्षिप्त आकडा एका अर्थी उपकारकच म्हणायचा, कारण तो स्वतःच आपल्या खोटेपणाची वर्दी देतो. भय असते ते सभ्य दिसणाऱ्या चुकीच्या आकड्याचे.

त्यावर उपाय एकच, आणि तो कष्टाचा आहे. काका मोजपट्टी घेऊन टाकीवर उभे, मी पंपघरात पडद्यासमोर, आणि दोघांच्या मध्ये मोबाइल, अशा रीतीने आम्ही टाकी जवळजवळ रिकामी असताना, अर्धी असताना आणि काठोकाठ भरली असताना पातळी ताडून पाहिली. एका ठिकाणी जुळलेला आकडा सर्वत्र जुळेलच असे नाही. प्रमाण चुकले आहे की आरंभबिंदू चुकला आहे हे तीन ठिकाणी पाहिल्यावाचून उमगत नाही. संवेदक गाळात रुतू नये म्हणून तळापासून वीतभर वर टांगलेला होता, तेवढे अंतर प्रत्येक वाचनात मिळवावे लागले. मोटारीचा प्रवाह क्लॅम्प मीटरने, व्होल्टेज मल्टिमीटरने, आणि पंप चालू असल्याची खूण प्रत्यक्ष पंप चालू करून, अशा रीतीने पडद्यावर जाणाऱ्या प्रत्येक अंकाची खातरजमा झाली, आणि त्याचा तपशील एका तक्त्यात लिहून खाली काकांची व माझी सही झाली. दूर बसून हा पडदा पाहणारा मनुष्य कधी टाकीवर जाणार नव्हता. त्याच्या वतीने कोणी तरी एकदा गेले होते, याचा तो कागद पुरावा होता.

टाकीचे निरोप पंपघरापर्यंत आणण्यासाठी आरएस-४८५ जातीची दोन तारांची जोडी वापरली. ती १,२०० मीटरपर्यंत बोलणे वाहून नेऊ शकते, परंतु काही पथ्ये पाळली तरच: मोटारीच्या जाड केबलींपासून ती अंतरावर राखावी, वरचे कवच एकाच टोकाला अर्थिंगला जोडावे, आणि दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध बसवावा, नाहीतर निरोपाचा प्रतिध्वनी परत येऊन पुढच्या निरोपात मिसळतो. मृगाच्या आधी येणाऱ्या वळवाच्या विजा टेकडीवरच्या उंच टाकीला सोडत नाहीत, म्हणून तारेच्या दोन्ही टोकांना लाट शोषणारी साधने बसवली आणि अर्थिंगचा खड्डा नव्याने भरून घेतला. यांत नवलाईचे काही नाही. परंतु ज्या खबरीचा उगमच गढूळ आहे ती जगाच्या पाठीवर कोठेही दिसू लागली म्हणून निर्मळ होत नाही, आणि म्हणूनच कामाचा मोठा भाग नदीकाठी आणि टेकडीवरच खर्ची पडला.

आता प्रश्न उरला तो पंपघरापासून पनवेलपर्यंतच्या वाटेचा. नदीकाठी तारेचे इंटरनेट नव्हते. मोबाइलचे सिमकार्ड घातलेला राउटर हाच मार्ग होता. येथे अनेकांना एक अडचण अनपेक्षितपणे भेटते. मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. आतून बाहेर जाता येते, बाहेरून कोणी आत येऊ म्हटले तर त्याला आपला राउटर सापडतच नाही. यावर प्रचलित सल्ला असा, की जादा पैसे भरून कायमचा स्वतंत्र पत्ता घ्यावा, राउटरमध्ये एक द्वार उघडावे, आणि त्या द्वारातून थेट नियंत्रकाच्या वेबपानावर यावे. हा सल्ला मला समितीच्या बैठकीत अनेकांनी, आणि सद्भावनेनेच, दिला. काम सोपे होते, खर्च थोडा होता, आणि कोठूनही पाणी दिसले असते. मी तो नाकारला, आणि का नाकारला हे मला विस्ताराने सांगावे लागले.

जो नियंत्रक विचारणाऱ्याची सनद पाहत नाही तो जगाच्या चव्हाट्यावर आणून बसवला, तर जग येऊन विचारणारच. २००९ पासून ‘शोदान’ नावाचा एक शोधक इंटरनेटवरील उघडी द्वारे अहोरात्र धुंडाळून त्यांची यादी करतो; ती यादी संशोधक पाहतात तशी इतरही पाहतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील अलिक्विपा या लहानशा गावाच्या पाणीपुरवठ्यावर हल्ला झाला, तेव्हा तेथील पंपकेंद्राच्या नियंत्रकावर परकीयांनी आपला संदेश झळकवला आणि कर्मचाऱ्यांना पंप हाताने चालवावे लागले. त्या जातीचे नियंत्रक इंटरनेटवर उघडे होते आणि कारखान्यातून येताना त्यांत असणारा ‘११११’ हा परवलीचा शब्द अनेक ठिकाणी बदललेलाच नव्हता, असे त्यानंतर तेथील सरकारी यंत्रणेने जाहीर केले. त्याच्याही पूर्वी, २००० साली, ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये मारूची परगण्याच्या सांडपाणी योजनेवर काम करून गेलेल्या एका माणसाने रेडिओद्वारा पंपांना खोटे हुकूम देऊन सुमारे आठ लक्ष लिटर मैला उद्यानांत आणि नद्यांत सोडला होता. अलिक्विपा हे काही मोठे नगर नव्हे. आपल्याकडे कोण लक्ष देणार, असे तेथेही कोणाला वाटले असेल. आपल्या देशातही २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने जे निर्देश काढले, त्यांत अशा औद्योगिक नियंत्रण-व्यवस्थांवरील हल्ल्याची खबर ६ तासांच्या आत देण्याचे बंधन घातले आहे.

म्हणून आम्ही उलटा मार्ग धरला. बाहेरून कोणी पंपघरात यायचे नाही. पंपघरातील राउटरनेच स्वतः बाहेर पडून, व्हीपीएनच्या गुप्त लिपीतील मार्गाने, पनवेलच्या कार्यालयातील संगणकापर्यंत जायचे आणि खबर तेथे ठेवायची. ज्यांना पाहायचे आहे त्यांनी कार्यालयातील संगणकाचे पान पाहावे. नियंत्रकाशी त्यांची गाठ पडूच नये. या योजनेला स्वतंत्र पत्ता लागला नाही, नदीकाठी एकही द्वार उघडे राहिले नाही, आणि मोबाइल कंपनीचा जो पडदा अडचण वाटत होता तोच आमच्या बाजूने पहारा करू लागला. प्रत्येक माणसाला स्वतःचे नाव आणि स्वतःचा परवलीचा शब्द दिला. पॅनलच्या दारावर आतून खडूने लिहिलेला एक सामाईक शब्द सर्वांनी वापरायचा, ही रीत बंद केली. आणि पदावरून जो उतरेल त्याचे नाव त्याच दिवशी कमी करावे, असा ठराव समितीने आपल्या दप्तरात नोंदवला.

याहून नाजूक वाद झाला तो अधिकाराचा. पडद्यावर पाणी दिसू लागल्यावर पडद्यावरूनच पंप सुरू करावा, ही इच्छा कोणालाही व्हावी अशी आहे. मॉडबसमध्ये वाचण्याचे आणि लिहिण्याचे संकेत वेगळे आहेत. ३ आणि ४ हे संकेत रकाने वाचतात, ५, ६, १५ आणि १६ हे लिहितात, म्हणजेच हुकूम देतात. मधल्या गेटवेवर लिहिण्याचे संकेत अडवून केवळ वाचण्याचे संकेत पुढे जाऊ द्यावेत, अशी व्यवस्था मी मांडली. काही सभासदांना हे अपुरे वाटले. त्यांना मी पंपघरातील एका सामान्य सकाळचे वर्णन करून सांगितले: फूट व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून पंपातील पाणी उतरलेले असते, कोणी तरी प्रायमिंग करत असतो, कपलिंगचा बोल्ट आवळण्यासाठी वायरमनचा हात शाफ्टवर असतो, हे पडद्याला दिसत नाही, आणि पनवेलमध्ये बसून बोट टेकवणाऱ्यालाही दिसत नाही. पाहण्याचा हक्क जितक्या दूर न्यावा तितका समाजाचा लाभच आहे. हुकमाचा हक्क मात्र ज्याला परिणाम डोळ्यांनी दिसतो त्याच्यापाशीच राहिला पाहिजे. बऱ्याच चर्चेनंतर ठरले ते असे, की पंप चालवण्याची मुखत्यारी काकांची आणि त्यांच्या पाळीदारांची राहील, कार्यालय त्यांना फोनने सांगेल, आणि पाणी उतरलेले असताना किंवा मोटारीवर भार आला असताना पंप आपोआप थांबण्याची व्यवस्था कोणाच्याही हुकमाची वाट न पाहता नदीकाठच्या नियंत्रकातच वसेल. संपर्क तुटला तरी पाणी थांबू नये आणि मोटार जळू नये, हा त्यातील हेतू होता.

काम समितीच्या स्वाधीन करण्यापूर्वीची चाचणी हा या सर्व प्रकरणातील मला सर्वाधिक महत्त्वाचा वाटलेला भाग आहे. सर्व मंडळी कार्यालयात जमली असताना, कोणालाही पूर्वसूचना न देता, पंपघरातील राउटरची वीज काढण्यास मी काकांना फोनवरून सांगितले. पडद्यावर टाकीची पातळी ३.१० मीटर होती; वीज काढल्यावरही ती ३.१० मीटरच राहिली. पाच मिनिटे झाली, दहा झाली. हिरवा रंग हिरवाच होता. वेबपान बनवण्याचे जे तयार साधन आम्ही घेतले होते त्याची मूळची रीत अशीच होती, की नवा आकडा न आला तर जुनाच दाखवत राहावे, आणि ती रीत कोणाच्या लक्षात यावी असे काहीच त्या पानावर नव्हते. उपस्थितांपैकी कोणालाही काही वावगे वाटले नाही, आणि वाटावे तरी कसे, कारण टाकीत ३.१० मीटर पाणी असणे ही पूर्णपणे शक्य कोटीतील गोष्ट होती. मग मी सांगितले, की गेली दहा मिनिटे आपण जे पाहत आहोत ती टाकीची पातळी नसून एका गतक्षणाची स्मृती आहे, आणि ही स्मृती रात्रभर अशीच स्थिर राहिली असती तर पहाटे रिकाम्या टाकीवर विसंबून आपण झडप उघडली असती.

जगातील सर्वांत कुप्रसिद्ध औद्योगिक हल्ल्याचे मर्म हेच होते. २०१० साली उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या आज्ञावलीने इराणमधील नतांझ येथील युरेनियम-समृद्धीकरणाच्या यंत्रांना वेड्यावाकड्या वेगाने फिरवले; परंतु तत्पूर्वी तिने सुरळीत चाललेल्या काळातील वाचने टिपून ठेवली होती, आणि घात चालू असताना ती जुनी वाचनेच पडद्यावर दाखवण्याची तजवीज केली होती. तेथे जे शत्रूने बुद्धिपुरस्सर घडवले ते आपल्याकडे केवळ रेंज गेल्यामुळे, कोणाच्याही दुष्ट हेतूवाचून, रोज घडू शकते. थिजलेला आकडा हा चुकीच्या आकड्याहून अधिक घातक असतो, कारण तो कालपर्यंत खरा होता आणि त्याची सवय झालेली असते.

यावर जी सुधारणा झाली तिचे मूळ काकांच्या वहीतील रेघेत आहे. नियंत्रकात एक रकाना केवळ गणतीसाठी ठेवला, ज्यातील अंक दर सेकंदाला एकाने वाढतो. कार्यालयातील संगणक दर वेळी तो अंक पुढे सरकला काय हे पाहतो, आणि ठरलेल्या अवधीत तो सरकला नाही तर पडद्यावरील सर्व आकडे पुसून त्या जागी आडवी रेघ दाखवतो व जबाबदार माणसांच्या मोबाइलवर संदेश धाडतो. प्रत्येक आकड्याखाली तो केव्हा घेतला हे छापले जाते. ही वेळही तपासावी लागली, कारण यंत्रांची घड्याळे बहुधा ग्रीनिचची वेळ पाळतात. साडेपाच तासांचा फरक मिळवला नाही, तर सकाळी सहाला सुरू झालेला पंप कागदोपत्री मध्यरात्री साडेबाराला सुरू झालेला दिसतो, आणि विजेच्या बिलाशी किंवा कोणाच्या पाळीशी त्याची रुजवात घालताना निष्पाप माणसावर ठपका येऊ शकतो. साठवणीच्या दप्तरातही, ज्या काळाची खबर नाही तो काळ कोराच राहील, आलेखाची रेषा तेथे तुटेल, दोन बिंदू आपणहून जोडले जाणार नाहीत, हे कटाक्षाने पाहिले. रेघ पडद्यावर प्रथम उमटली तेव्हा काकांना ती दाखवली, त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, “हां, आता बरोबर.”

हा प्रश्न एका लहान पाणीयोजनेपुरता नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ साली अतिप्रदूषक अशा १७ प्रवर्गांतील उद्योगांना आपल्या सांडपाण्याचे आणि धुराचे अखंड मोजमाप करून ते आपोआप मंडळाकडे पाठवण्यास फर्मावले, आणि तेव्हापासून तळोज्यासारख्या रासायनिक वसाहतींतही मापकयंत्रांचे आकडे थेट शासनाच्या पडद्याकडे वाहू लागले. कासाडी नदीच्या काळवंडलेल्या पाण्यावरून या भागात किती तक्रारी झाल्या आणि प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत कसे गेले, हे येथील लोक जाणतात. तेथे तर प्रत्येक आकडा हा कायद्यापुढील पुरावा आहे. मापक स्वच्छ करण्यासाठी बाहेर काढला असता त्या तासाचे काय लिहायचे, संपर्क तुटलेल्या काळाचा आकडा नंतर कोणी भरायचा, आणि भरला तर तो भरलेला आहे असे कोठे नमूद होते, या प्रश्नांची उत्तरे ज्या यंत्रणेत आधीच लिहून ठेवलेली आहेत तीच नदीच्या बाजूने साक्ष देऊ शकते. यंत्राकडून अखंड आकड्यांची मागणी करणे सोपे आहे. यंत्राला खंड प्रामाणिकपणे दाखवू देणे, आणि तो दाखवल्याबद्दल माणसाला शिक्षा न करणे, हे शासनाचे व कारखान्यांचे अधिक कठीण कर्तव्य आहे. खंड हा गुन्हा ठरला की आकडे भरले जातात, आणि भरलेल्या आकड्यांचे आलेख फार सुबक दिसतात.

नव्या व्यवस्थेमुळे काकांची नोंदवही बंद करावी, असा एक विचार समितीपुढे आला होता. मी ती चालू ठेवण्याची विनंती केली, आणि ती मान्य झाली. आता ते दर तासाला लिहीत नाहीत. दिवसातून ठराविक वेळी टाकीवर जाऊन पट्टीने पातळी मोजतात, वहीत लिहितात, आणि महिन्याच्या शेवटी कार्यालयातील लिपिक वही आणि संगणकाचे दप्तर यांची रुजवात घालतो. फरक वाढू लागला तर संवेदकावर गाळ बसला असे समजून तो काढून धुतला जातो. एका पावसाळ्यानंतर असा फरक दिसला आणि तो वहीमुळेच दिसला, कारण एकटे यंत्र स्वतःच्या हळूहळू होणाऱ्या विचलनाला ओळखू शकत नाही. काकांची योग्यता यात घटली नाही, उलट वाढली; पूर्वी ते पाण्याचे साक्षीदार होते, आता ते साक्षीदाराचेही परीक्षक आहेत.

आज गावोगावी पाणीयोजनांवर संवेदक बसत आहेत. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनपासून तर लहानातल्या लहान ग्रामपंचायतीच्या दारीही असे पडदे येऊ लागले आहेत, आणि ते यावेत अशीच माझी इच्छा आहे. परंतु काम स्वाधीन करून घेताना सरपंचांनी, सचिवांनी, समितीच्या सभासदांनी ठेकेदाराकडे एक मागणी करावी, आणि ती करारातच लिहून घ्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पडदा सुरू असताना संवेदकाची तार आपल्या हाताने सोडवावी, मग राउटरची वीज काढावी, मग नियंत्रकाची, आणि प्रत्येक वेळी पडदा काय म्हणतो ते सर्वांच्या समक्ष पाहावे. या तिन्ही प्रसंगी ‘मला ठाऊक नाही’ असे जो पडदा ठरलेल्या वेळात सांगेल त्याचेच बिल मंजूर करावे. जो जुनाच आकडा दाखवत राहील त्याचे काम अपुरे समजून परत पाठवावे. या चाचणीला ना फारसा खर्च येतो, ना तिच्यासाठी कोणत्या पदवीची गरज लागते, आणि पुढे ज्या हजारो माणसांनी त्या पडद्याच्या भरवशावर आपला हंडा नळाखाली लावायचा आहे त्यांना एवढी खातरजमा मिळवून देणे हे आपले कर्तव्यच आहे.